खाते चालू की बंद?

मंगळवार, २८ नोव्हेंबर २०२३, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतील ही नोंद माझ्या अक्षरातील आहे, आणि तिच्यामागची घटना मला आजही तपशीलवार आठवते. त्या वेळी सुरतेच्या जुन्या भागातील एका बँकेच्या सुरक्षारक्षकाचा फोन आला होता.

पोलीस अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर आठवणी लिहिण्याची प्रथा आहे. मी निवृत्त झालेले नाही, राजीनामा दिला आहे. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मी गुजरात पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि काही वर्षांनी छायाचित्रांच्या विश्लेषणावर संशोधन करण्यासाठी बाहेर पडले. केस पांढरे होण्याची वाट पाहिली असती तर तपशील निसटले असते. प्रथेप्रमाणे नावे देत नाही. या प्रकरणातील एका आजींनी "माझं नाव मोठ्या अक्षरात टाक" असे बजावले होते, पण नियम सर्वांना सारखा.

रक्षक उत्तर प्रदेशचा होता. तो म्हणाला, "मॅडम, एक बुजुर्ग आदमी चार दिन से घूम रहा है. पुराना फोटो दिखाता है और पूछता है, यह खाता चालू है कि बंद हो गया."

"तुम्ही काय सांगितले?"

"मैंने बोला, बंद. पीछा छुड़ाने के लिए. तो वह खुश हो गया, मॅडम. हाथ जोड़े और सामने के ठेले से मुझे लोचो खिलाया."

लोचो म्हणजे वाफेवर शिजवलेला, वरून तेल आणि शेव घातलेला चणाडाळीचा सुरती नाश्ता. सुरतेत तो आनंदाच्या प्रसंगी खातात, दुःखाच्या प्रसंगीही खातात. पण खाते बंद झाल्याच्या आनंदात कोणी खाऊ घातल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते.

माझे वडील बडोद्याला बँकेत होते. आमच्या घरी 'खाते' या शब्दाचा एकच अर्थ होता. त्या महिन्यात निष्क्रिय बँकखात्यांतून पैसे काढणाऱ्यांबद्दल वरून परिपत्रकही आले होते. मी गुन्हा नसलेल्या माहितीची नोंद, जिला गुजरातच्या ठाण्यांत 'जाणवाजोग' म्हणतात, करून घेतली आणि फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. फोटो : ओळखीचा पुरावा. बंद खाते : सावज. लोचो : लाच.

आमचे जमादार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, भावनगरहून बदली होऊन आठवड्यापूर्वीच आले होते. त्यांनी तिसरी ओळ दोनदा वाचली. "बेन, लोचो खवडावीने कोण बँक लूटे?" लोचो खाऊ घालून कोण बँक लुटतो?

"म्हणूनच संशय कोणाला येत नाही," मी म्हणाले.

दुपारी हा संशयित बँकेजवळच्याच बेगमपुऱ्यात सापडला. एका बहुमजली वाहनतळासमोर तो उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, एक डोळा मिटलेला, आणि लांब धरलेल्या हातात पोस्टकार्डाएवढे एक काळेपांढरे छायाचित्र. चहावाल्याने जबाब दिला, की इथली जुनी इमारत पाडली असे सांगताच या म्हाताऱ्याने त्याचे पाय धरले. मग कोणीतरी म्हणाले, की ती इमारत फोटोतली नव्हेच, तेव्हा तो फुटपाथवर बसून राहिला.

आम्ही त्यांना चौकशीसाठी ठाण्यात आणले. सत्तरीच्या जवळचे, खानदेशातून कोवळ्या वयात सुरतेला आलेले. सगळे त्यांना आबा म्हणत. मीही तेच म्हणते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि छायाचित्र टेबलावर. कमानीदार खिडक्यांची दुमजली इमारत, गच्चीच्या कठड्यावर चुन्याचा मोर, मागे एका देवळाचे शिखर, आणि समोर ओळीत उभे बावीस तरुण.

चौकशीचा तो भाग मी जबाबातून जसाच्या तसा देते.

"हे खाते कोणाच्या नावावर आहे?"

"शेठच्या."

"तुमचा त्याच्याशी संबंध?"

"मी तीन वर्षं खात्यात होतो ना, मॅडम."

"खात्यात म्हणजे?"

"आत. सकाळी सातला आत, संध्याकाळी सातला बाहेर."

जमादारांनी टंकलेखन थांबवले. मी चालू ठेवण्याची खूण केली.

"आत काय होते?"

"बत्तीस साचे."

मराठीत साचा म्हणजे ज्यातून एकासारख्या एक वस्तू निघतात तो. शिक्के निघतात, नाणी निघतात, बनावट कार्डेही निघू शकतात. मी खुर्ची पुढे ओढली.

"या साच्यांतून काय काढत होतात?"

"माल."

"तो कुठे जायचा?"

"आधी रिंग रोडला. तिथून मुंबई, कलकत्ता, पार मद्रासपर्यंत."

"आंतरराज्य छे, बेन," जमादार हळूच म्हणाले.

"कधी पकडला गेला नाही?"

"पकडायचे की. मास्तर पकडायचा. डाग दिसला की आईबाप काढायचा."

"मास्तर म्हणजे तुमचा म्होरक्या?"

आबांनी क्षणभर विचार केला. "तसंच म्हणा."

"आता मला सांगा, खाते बंद पडले असे ऐकून तुम्हाला आनंद का होतो?"

तोवर मोकळेपणाने बोलणारा हा माणूस मांडीवरची टोपी चाचपू लागला. "ते नाही सांगता येणार," ते खाली पाहत म्हणाले. "नातीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

अनुभव असा, की संशयित गप्प होतो तिथे प्रकरण सुरू होते. मी पुढचा प्रश्न विचारणार इतक्यात दारात हातात डबा घेतलेल्या एक आजी उभ्या राहिल्या. कोणाची परवानगी न घेता त्या आत आल्या.

"तू कसाले उनी आठे?" आबांनी अहिराणीत विचारले. तू कशाला आलीस इथे?

"भाकर आणली. इथं देतात की नाही माहीत नव्हतं." आजींनी डबा माझ्या कागदांवर ठेवला आणि फळा वाचला. मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, तू कुठली?"

"बडोद्याची."

"बाप काय करायचा?"

"बँकेत होते."

"मग तुझी चूक नाही. अगं, सुरतेत कापड विणायच्या कारखान्याला खातं म्हणतात. मागाला साचा म्हणतात, देखरेख करणाऱ्याला मास्तर. तुझ्या बापाचं खातं बँकेत, ह्यांचं बेगमपुऱ्यात." एवढे बोलून त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. "आणि ह्यांचं तरी कुठलं? ह्यांच्या नावावर सायकलसुद्धा नाही. आहे ती माझ्या भावाची."

जमादारांनी जबाबाचे पान यंत्रातून बाहेर येऊ दिले, वाचले, आणि फाडण्याची परवानगी मागितली. ती मी दिली नाही. नोंद ही नोंद असते.

खरे प्रकरण मग कळले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका दसऱ्याला मागांना झेंडूच्या माळा घातल्यावर शेठने फोटोवाला बोलावला. दोन्ही पाळ्यांचे कामगार एकत्र उभे राहिले आणि प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली. आबांनी ती गावी नेली आणि आईला दाखवून म्हणाले, "हाई मन्हं खातं शे." हे माझं खातं आहे. सुरतेत मागावर काम करणारा प्रत्येक माणूस असेच बोलतो, जसा कारकून 'माझे ऑफिस' म्हणतो. पण गावात त्याचा अर्थ झाला, मालक.

"मी खोटं बोललो नाही," आबा म्हणाले.

"खरं पण बोलला नाहीत. गावात ह्यांना शेठ म्हणतात, मॅडम. देवळाच्या कामाचा पहिला नारळ ह्यांच्या हातून."

"मग तुम्ही का नाही सांगितले?" मी आजींना विचारले.

"सांगणारच होते. तर मला शेठाणी म्हणायला लागले." आजींनी पदर सारखा केला. "आठवडाभर म्हटलं ऐकून घ्यावं. त्यात चाळीस वर्षं गेली."

आणि आता त्यांच्या नातीचे लग्न ठरत होते. नात आणि मुलगा दोघे सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतील एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, एकमेकांना पसंत होते. येत्या रविवारी मुलाकडची माणसे शिरपूरकडून सुपारी फोडायला, म्हणजे लग्न पक्के करायला, येणार होती. मुलाच्या आजोबांनी निरोप पाठवला होता : आधी मुलीच्या आजोबांचं खातं पाहू, मग सुपारी फोडू.

"इमारत पाडली असली तर मिटलं," आबा म्हणाले. "होती, पाडली. कोण विचारणार? पण उभी असली तर तिला कोणीतरी खरा मालक असणार, आणि तो मला ओळखणार नाही."

"आणि मी म्हणते, खरं सांगून मोकळे व्हा," आजी म्हणाल्या. "सुपारीआधी उघडं पडलं तर एक दिवसाची लाज. नंतर पडलं तर पोरगी जन्मभर सासरी ऐकेल, शेठची नात म्हणून."

यात गुन्हा नव्हता. नियमाने मी त्यांना डबा खाऊ घालून सोडायला हवे होते, तसे सोडलेही. पण बँकेच्या व्यवस्थापकाचा लेखी अर्ज आला होता आणि 'सदर खात्याची सद्यस्थिती' कळवणे मला भाग होते. शिवाय छायाचित्रावरून इमारत शोधणे हा प्रश्न असा, की तो समोर आल्यावर मला झोप लागत नाही. आबांकडून फोटो मागून घेतला.

जुन्या छायाचित्रावरून जागा शोधताना हलणाऱ्या गोष्टी आधी वगळाव्यात : पाट्या, तारा, झाडे, दुकाने. उरतात त्या तीन-चार गोष्टींचा परस्परसंबंध पाहावा. इथे तो सोपा होता. इमारतीसमोर उभे राहिले की देवळाचे शिखर डाव्या हाताला मागे. देऊळ उभे होते. त्याच्या भोवती आबांनी दाखवलेल्या जागा मी जमादारांसह पाहिल्या. एका ठिकाणी बँक, एका ठिकाणी वाहनतळ, एका ठिकाणी दवाखाना आणि एका ठिकाणी पत्र्याचे कुंपण घातलेले रिकामे मैदान. चारही ठिकाणच्या जुन्या इमारती गेलेल्या. पण शेजाऱ्यांकडच्या लग्नाच्या आणि वाढदिवसांच्या फोटोंत त्या मागे डोकावत होत्या, आणि एकीवरही मोर नव्हता. अर्धा मोहल्ला आपापले आल्बम घेऊन ओट्यावर बसला. पाडलेले शहर लोकांच्या घरात असे तुकड्यातुकड्यांनी जिवंत असते. प्रत्येकाला वाटते, आपण फक्त आत्याचे लग्न जपून ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. तीन वर्षे काम केलेल्या माणसाला आपला कारखाना कसा सापडत नाही? आबांना विचारले तर ते म्हणाले, "मला वाटायचं देऊळ उजवीकडं होतं. पण फोटोत डावीकडं आहे, म्हणजे माझंच चुकत असेल." त्यांनी इमारत तीन वर्षे पाहिली होती आणि छायाचित्र पंचेचाळीस. स्मृतीने निकाल बहुमताने दिला होता.

शुक्रवारी मी ते छायाचित्र भिंगाखाली इमारतीसाठी नव्हे, माणसांसाठी पाहिले. बावीस जणांपैकी ज्यांच्या सदऱ्याला खिसा दिसत होता, त्या सर्वांचा तो उजव्या छातीवर होता.

जमादारांना दाखवले. त्यांनी आधी स्वतःचा खिसा चाचपला. "बधा डाबोडी?" सगळे डावखुरे?

"डावखुऱ्याचाही खिसा शिंपी डावीकडेच शिवतो."

फोटोवाल्याने निगेटिव्ह उलटी ठेवून छापले होते. बावीस प्रती उलट्या निघाल्या, आणि कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण प्रत्येकाने त्यात फक्त स्वतःला शोधले. मी फोनवर छायाचित्र डावे-उजवे पालटले. शिखर उजवीकडे गेले. आम्ही देवळाच्या दुसऱ्या अंगाला गेलो.

तिथे चकचकीत पत्र्यांनी मढवलेली एक इमारत होती, खाली मोबाईलची दुकाने, वर इंग्रजी संभाषणाचे वर्ग. समोरून काही कळत नव्हते. मागच्या बोळात, म्हणजे इमारतीच्या जुन्या दर्शनी बाजूला, गेलो तर कमानीदार खिडक्या होत्या तशा होत्या आणि गच्चीच्या कठड्यावर मोर बसला होता. त्याची मान तुटलेली होती आणि छातीला कोणीतरी डिशची तार बांधली होती.

शोध लागल्याची बातमी ऐकून रडवेला झालेला माझ्या सेवेतील एकमेव माणूस म्हणजे आबा.

"नक्की तीच?" आबांनी विचारले.

"नक्की."

"फोटो चुकू शकतो ना?"

"चुकलाच होता. सरळ केल्यावर इमारत सापडली."

"म्युनिसिपालिटी पाडणार असेल."

"रविवारपर्यंत नाही."

आबांनी टोपी काढून झटकली. "मॅडम, तुम्ही इतकं शिकायला नको होतं."

आजी मागून म्हणाल्या, "आता तरी सांगाल ना खरं?" आणि मला म्हणाल्या, "तू पण ये रविवारी. साध्या कपड्यांत. पुन्हा खोटं बोलले तर धरायला कोणीतरी हवं."

बँकेला मी अहवाल पाठवला : 'सदर खाते हे बँकखाते नसून इमारत असल्याचे निष्पन्न. स्थिती : उभी.' आणि रविवारी साध्या कपड्यांत बेगमपुऱ्यात गेले. पोलिसाने खाजगी समारंभाला जाऊ नये असा नियम नाही.

मागच्या बोळात दोन्हीकडची माणसे उभी होती. नात आईच्या मागे ओढणीचे टोक पिळत होती. मुलगा तिच्याकडे पाहायचे टाळत तिच्याकडेच पाहत होता. मुलाचे आजोबा उंच, करारी, हातात एक पिशवी. त्यांनी वर मोराकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या उतरलेल्या चेहऱ्याचे कारण मला तेव्हा कळले नाही.

आबांनी टोपी काढली. "व्याही, एक सांगायचंय. हे खातं माझं नाही. मी इथं कामाला होतो. साच्यावर. गावानं शेठ केलं आणि मी नाही म्हटलं नाही. आता सुपारी फोडा, नाहीतर परत न्या. पोरीचा यात काही दोष नाही."

मुलाच्या आजोबांनी पिशवीतून फ्रेम केलेले एक छायाचित्र काढले. कमानीदार खिडक्या, मोर, डावीकडे शिखर, बावीस जण. उलटे खिसे.

"आमच्या गावात हे माझं खातं आहे," ते म्हणाले. "मध्यस्थानं सांगितलं, की मुलीच्या आजोबांकडं मोराच्या खात्याचा फोटो आहे. मला वाटलं, खरा शेठ निघाला. आता हा मला ओळखणार आणि पोराचं लग्न मोडणार. म्हणून म्हटलं, आधी खातं दाखवा, तेच मोराचं की दुसरं ते कळेल. पाडलं असलं तर बरं, म्हणत आलो."

मी दोघांना छायाचित्रात आपापल्या चेहऱ्यावर बोट ठेवायला सांगितले. बोटे रांगेच्या दोन विरुद्ध टोकांना गेली.

"तुम्ही एकमेकांना ओळखत नव्हता?" मुलाने विचारले.

"नावानं कोण ओळखायचं?" आबा म्हणाले. "साच्याच्या नंबरानं हाक. मी अकरा नंबर, दिवसपाळी."

उंच आजोबा जागच्या जागी वळले. "अकरा? अकरावर रात्री मी होतो."

आबांनी टोपी डोक्यावर चढवली. "रोज सकाळी सुताचे तुटलेले तार तसेच सोडून जाणारा तू?"

"आणि तेलाची कुपी लपवून ठेवणारा तू?"

"कुपी माझी होती."

"साचा शेठचा, कुपी तुझी? आत्ताच म्हणालास ना, काही तुझं नव्हतं?"

"सात वाजता यायला हवं तर साडेसातला यायचा, डोळे चोळत."

"चोळणारच. तू सोडलेला डाग मास्तर माझ्या नावावर लावायचा."

माझा अंदाज साफ चुकला होता. जे लग्न मालकीच्या थापेने मोडायला हवे होते, ते तुटलेल्या तारांवरून मोडायच्या बेतात आले. दोघे एकमेकांच्या छातीपर्यंत सरकले. तेव्हा आजी मध्ये गेल्या. त्यांनी उंच आजोबांच्या पिशवीतली सुपारी काढली, बोळातला एक दगड उचलला आणि खात्याच्या उंबऱ्यावर ठेवून ती फोडली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता भांडा. आता तुम्ही व्याही आहात, आता शोभतं."

नात पहिल्यांदा हसली, आणि मुलाने मागे वळून मला विचारले, की सुपारी मुलाकडच्यांनी फोडायची की मुलीकडच्यांनी, असा काही कायदा आहे का. नाही म्हणून सांगितले.

या प्रकरणाने मला शिकवले ते तपासाच्या पुस्तकात नाही. पुरावा तपासण्याआधी शब्द तपासावा. समोरच्याच्या तोंडचा शब्द आपल्या ओळखीचा वाटला तर जास्तच. इमारत उभी आहे की नाही हे छायाचित्रावरून सिद्ध करता येते. ती कोणाची, हे येत नाही. ज्याने तिच्यात बारा बारा तास घालवले तो 'माझी' म्हणाला तर त्याला खोटे ठरवायला मी कोणते कलम लावणार होते, ते मला अजून सापडलेले नाही. आणि माणूस काही सापडू नये म्हणून इतक्या कसोशीने शोधू शकतो, हे तर मी मानलेच नसते.

लग्न वैशाखात मुलाच्या गावी झाले. आहेर म्हणून मी ते छायाचित्र सरळ करून, मोठे करून नेले, आणि मांडवाच्या दाराशी ते टांगले गेले. जेवणाच्या पंगती बसेनात, कारण आसपासच्या गावांतून आलेले पाहुणे त्याच्याभोवती जमले होते. कोणी म्हणत होते, "हे तर आमच्या आजोबांचं खातं." कोणी म्हणत होते, "आहे आमचंच, पण आमच्या घरी उलटं आहे." आबा आणि त्यांचे व्याही एका खांबाला टेकून, एकाच ताटात हात घालून हे ऐकत होते. सवयीने मी पर्समधल्या चिठ्ठीवर मोजणी केली. इमारत : एक. त्या दिवसापर्यंत निष्पन्न झालेले मालक : सात.